गावच्या युद्धस्मारकाला हात लावण्याआधी

ऑस्ट्रेलियातून प्रश्न असा आला आहे: "आम्ही मध्य व्हिक्टोरियात, हारकोर्टपासून जवळच्या एका लहान गावात राहतो. चौकात पहिल्या महायुद्धाचं स्मारक आहे. करड्या ग्रॅनाइटचा चौथरा, त्यात बसवलेल्या पांढऱ्या संगमरवरी पाट्या आणि वर संगमरवरी सैनिक. पाट्या काळवंडल्यात, बरीच अक्षरं गळून पडली आहेत. स्मारक समितीवर मला घेतलंय. प्रेशर वॉशरने धुऊन, अ‍ॅसिड मारून, अक्षरं काळ्या रंगाने भरून, वरून सीलर मारून देतो असं एकाचं कोटेशन आहे. घ्यावं का? शिवाय हे कोणी घडवलं ते गावात कुणालाच माहीत नाही. ते कसं शोधायचं?"

ते कोटेशन घेऊ नका. त्यातल्या चारही गोष्टींनी संगमरवराचं कायमचं नुकसान होतं, आणि ते पहिल्या दिवशी दिसत नाही हा खरा धोका आहे. धुतल्यावर पाटी पांढरीशुभ्र दिसेल, अँझॅक डेला, म्हणजे २५ एप्रिलला युद्धातल्या मृतांच्या स्मरणदिनी, फोटो छान येतील. मग काही वर्षांत पृष्ठभाग साखरेसारखा खरखरीत होऊन हाताला लागायला लागेल, काळ्या रंगाचे ओघळ अक्षरांतून बाहेर येतील आणि सीलरखाली अडकलेलं पाणी दगडाचा पापुद्रा उचलेल. तेव्हा कंत्राटदाराची हमी संपलेली असेल.

जुने कोरीव दगड आणि त्यांवरची अक्षरं दुरुस्त करणं हे माझं काम. दफनभूम्या आणि गावोगावची अशी स्मारकं हीच माझी रोजची जागा. त्या अनुभवावरून सांगतो, तुमचा दुसरा प्रश्न आधी सोडवा. कोणी घडवलं हे कळलं की कसं घडवलं ते कळतं, आणि ते कळल्याशिवाय केलेली दुरुस्ती म्हणजे अंदाजपंचे कारभार.

आधी हे स्मारक तिथे का आहे ते बघू. १९१४ साली ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या ५० लाखांच्या आतच होती. त्यातून ४,१६,८०९ माणसं सैन्यात भरती झाली आणि ६०,००० हून अधिक परत आली नाहीत. त्यांचे देह मायदेशी आणायचे नाहीत असं साम्राज्याचं धोरण होतं. तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत जखमी होऊन मे १९१५ मध्ये वारलेले जनरल विल्यम ब्रिजेस यांचा तेवढा देह परत आणून कॅनबेराजवळ डंट्रूनला पुरला. त्यानंतर थेट १९९३ साली एका अनाम सैनिकाचे अवशेष फ्रान्समधून आणून कॅनबेराच्या युद्धस्मारकात ठेवले गेले. तिकडे मेलेले बाकीचे गॅलिपोली, फ्रान्स, बेल्जियम, पॅलेस्टाइन अशा दूरच्या ठिकाणीच राहिले. गावाकडच्या आईबापांना त्या काळी बोटीने तिकडे जाऊन कबर पाहणं जवळपास अशक्य होतं. म्हणून चौकातला हा दगड उभा राहिला. तुमच्या समितीतल्या लोकांना तो कबरीइतका जवळचा वाटत असेल तर ती भावना पहिल्या दिवसापासूनची आहे.

आता असा दगड खेड्यात घडवणार कोण? शहरातल्या मोठ्या स्मारकांना वास्तुविशारद आणि नामांकित शिल्पकार मिळाले. सिडनीच्या मार्टिन प्लेसमधल्या स्मारकासाठी बर्ट्रम मॅकेनल होते, मोरूयाचा ग्रॅनाइट होता. मेलबर्नच्या श्राइन ऑफ रिमेंबरन्स या स्मारकासाठी टिनाँगच्या खाणीतून दगड आला. जिल्ह्याच्या गावाकडे वर्गणीतून जमलेले काही शे पौंड असायचे आणि थडगी घडवणारा एक पाथरवट असायचा. इथे त्याला मॉन्युमेंटल मेसन म्हणतात. त्याचं आवार शक्यतो रेल्वे स्टेशनजवळ किंवा दफनभूमीच्या वाटेवर, कारण जड दगड लांब वाहून नेणं परवडत नसे. त्यामुळे स्मारकांचे आकारही दफनभूमीतूनच आले. ओबेलिस्क म्हणजे वर निमुळता होत जाणारा चौकोनी खांब, अर्ध्यात तुटलेला खांब, कापड पांघरलेला कलश हे सगळं युद्धाच्या आधीपासून त्याच्या नमुन्यांच्या वहीत होतं. क्वीन्सलँडमध्ये मात्र स्लाउच हॅट, म्हणजे रुंद कडेची टोपी, घातलेला सैनिक, म्हणजे डिगर, जास्त लोकप्रिय झाला आणि इप्सविचचे फ्रँक विल्यम्स किंवा टाउन्सव्हिलची मेलरोज अँड फेनविक अशा पेढ्यांनी तिथे गावोगावी काम केलं.

खेड्यातला कारागीर म्हणून त्याला कमी लेखू नका. न्यू साऊथ वेल्समधल्या गुंडागाईचे फ्रँक रुस्कोनी बघा. १८७४ साली अरालुएनला जन्म, वडील स्वित्झर्लंडहून आलेले, कामाचं शिक्षण युरोपात आणि आयुष्याचं काम गुंडागाईत थडगी आणि संगमरवराची कामं घडवण्याचं. रस्त्याच्या कडेला डब्यावर बसलेला कुत्रा हे तिथलं प्रसिद्ध शिल्प त्यांनीच घडवलं. १९३२ साली पंतप्रधान जोसेफ लायन्स यांच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. पण मला त्यांचं दुसरं काम जास्त मोलाचं वाटतं. न्यू साऊथ वेल्सच्याच संगमरवरातून त्यांनी इमारतीची एक छोटी प्रतिकृती केली. त्यात २०,९४८ तुकडे आहेत, प्रत्येक हाताने घडवून घासलेला, आणि त्याला २८ वर्षं लागली. पोटापाण्याचं काम सांभाळून केलेलं हे काम आहे. त्या पिढीतल्या जिल्ह्याच्या पाथरवटाचा हात कुठवर पोचू शकत होता हे समितीला पटवायचं असेल तर ती प्रतिकृती एकदा दाखवून आणा. ती गुंडागाईतच आहे.

तुमचा पाथरवट शोधायला तीन ठिकाणं. पहिलं म्हणजे स्मारकच. चौथऱ्याच्या सगळ्यात खालच्या थराकडे, शक्यतो मागच्या बाजूला किंवा उजव्या कोपऱ्यात, गवताच्या पातळीवर वाकून बघा. बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत आडनाव आणि गावाचं नाव असतं. पुष्कळदा नंतर टाकलेल्या काँक्रीटमध्ये ते अर्धं गाडलेलं सापडतं. दुसरं ठिकाण म्हणजे राष्ट्रीय ग्रंथालयाचं ट्रोव्ह हे संकेतस्थळ. तिथे जुनी स्थानिक वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात, त्यातली बहुतेक १९५४ पर्यंतची. गावाचं नाव टाका आणि १९१९ ते १९२६ या वर्षांत शोधा. निविदांच्या छोट्या जाहिराती, समितीच्या बैठकांचे वृत्तांत, अनावरणाची बातमी असं सगळं छापलेलं असतं, आणि अनावरणाच्या बातमीत शेवटी पाथरवटाचं नाव आणि खर्च यायचा.

तिसरं ठिकाण गावची दफनभूमी, आणि मला विचाराल तर हेच सगळ्यात खात्रीचं. १९१० ते १९३० मधली थडगी बघत फिरा. एकाच हाताची अक्षरं ओळखू यायला फार वेळ लागत नाही. इंग्रजी आर ची तंगडी सरळ जाते की वळते, जी च्या पोटात आडवी रेघ कशी आहे, आकड्यातला ९ कुठे वळतो, हे प्रत्येकाचं ठरलेलं असतं. स्मारकावरचे आणि थडग्यांवरचे फोटो शेजारी ठेवा. थडग्याच्या पायाशी सही असली की तुमचं उत्तर मिळालं.

आता अक्षरं. तुमचं सगळं दुखणं तिथेच आहे.

संगमरवरावर नावं कोरायच्या त्या काळी मुख्य दोन रीती होत्या. एक म्हणजे व्ही आकाराची खाच. ती नुसती ठेवत, किंवा तिच्यात काळा रंग भरत, किंवा सोन्याचा वर्ख लावत. दुसरी शिशाची. तुमची अक्षरं 'गळली' म्हणता, म्हणजे ती बहुधा शिशाची आहेत. या रीतीत पाथरवट आधी अक्षराचा आकार सपाट तळाचा, उथळ असा खोदतो. मग त्या तळात बरम्याने बारीक भोकं पाडतो, तीही सरळ नाहीत, एकमेकांकडे तिरकी. वर शिशाची पट्टी ठेवून लाकडी मोगरीने ठोकतो. मऊ शिसं खाचेत पसरतं आणि भोकांत उतरून मुळं धरतं. उरलेलं शिसं छिन्नीने पातीसारखं उतरवून पृष्ठभाग घासून एकसारखा करायचा. शिसं हळूहळू काळसर करडं होतं आणि पांढऱ्या दगडावर दुरून वाचता येतं. रंगाची गरजच नसते.

पुढे काय होतं बघा. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते शंभर वर्षं संगमरवर थोडा थोडा विरघळवत राहतं. दगड मागे सरकतो, शिसं जागेवर राहतं, त्याच्या कडा उघड्या पडतात. उन्हाने शिसं दगडापेक्षा जास्त फुगतं आणि थंडीत आकसतं. शेवटी एखादं मूळ सुटतं, मग दुसरं, आणि अक्षर पडतं किंवा कुणाच्या तरी नखाने निघतं. अशा पाटीवर प्रेशर वॉशर मारला तर? घरगुती वॉशरसुद्धा १०० बारच्या वरचा दाब देतात. तग धरून असलेली अक्षरंही एका दुपारी गवतात पडतील.

पण पडलेलं अक्षर हरवलेलं नसतं. त्याची भोकं मागे राहतात. एका पाथरवटाची भोकं पाडायची सवय ठरलेली असते. टी ला कुठे, ओ ला किती, एस च्या वळणांवर कशी. शेजारचं शाबूत अक्षर बघून आणि भोकांची रचना जुळवून पुसट झालेलं नाव पुन्हा वाचता येतं. म्हणूनच गळलेल्या अक्षरांत रंग, पुट्टी किंवा इपॉक्सी भरायला मी इतका कडाडून विरोध करतो. भोकं बुजली की त्या माणसाचं नाव वाचायचा शेवटचा पुरावा गेला. खरी दुरुस्ती म्हणजे त्याच खाचेत, त्याच भोकांत पुन्हा शिसं ठोकणं. हे काम जाणणारे कारागीर आजही दफनभूम्यांच्या कामात आहेत. कोटेशन मागताना सरळ विचारा, "शिशाची अक्षरं पुन्हा बसवता का, की रंगवता?" रंगवतो म्हणाला तर आभार मानून पुढच्याला फोन करा.

त्या नावांविषयीही थोडं सांगायला हवं, कारण समितीत त्यावर वाद होणार. तुमच्या पाट्यांवर मेलेल्यांबरोबर परत आलेल्यांचीही नावं असतील आणि मेलेल्यांपुढे छोटा क्रूस किंवा चांदणी असेल. ऑस्ट्रेलियातल्या गावांचं हे खास वैशिष्ट्य आहे. इथे सक्तीची भरती नव्हती. १९१६ च्या ऑक्टोबरात आणि १९१७ च्या डिसेंबरात दोनदा जनतेचा कौल घेतला आणि दोन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. त्यामुळे जो गेला तो स्वतःहून गेला, याची नोंद गावाला करायची होती. त्यात न दिसणारी एक बाजूही होती. कोणाचं नाव नाही, हेही चौकात सगळ्यांना वाचता येत होतं. बऱ्याच ठिकाणी हुद्दे गाळून नावं वर्णक्रमाने लावली आहेत, मेजरच्या खाली खेचरं हाकणारा. हा निर्णय गावच्या समितीने भांडून, मतं घेऊन केलेला असतो. हुद्दे घालून 'सुधारित' यादी करू म्हणणारा कुणी भेटला तर त्याला हे सांगा.

आडनावापुढे नुसती आद्याक्षरं का, असंही लोक विचारतात. पाथरवटाची मजुरी अक्षरांच्या हिशेबाने असे, हे त्याचं साधं कारण. परदेशातल्या लष्करी थडग्यांवरही असाच हिशेब होता. तिथे कुटुंबाला स्वतःच्या शब्दांसाठी ६६ अक्षरांची मर्यादा होती आणि अक्षरामागे साडेतीन पेन्स मागितले जात.

आपल्याकडच्या वाचकांना इथे एक गोष्ट आठवेल. सातारा जिल्ह्यातल्या अपशिंगे गावातून त्याच महायुद्धात गेलेले ४६ जवान कामी आले असं सांगतात. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत इंग्रज सरकारने बसवलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. या गावातून इतकी माणसं महायुद्धावर गेली, त्यांतल्या इतक्यांनी प्राण दिले, एवढाच मजकूर. नावं नाहीत, फक्त आकडे. त्याच साम्राज्यासाठी, त्याच युद्धात गेलेली माणसं. म्हणून व्हिक्टोरियातल्या एका खेड्यातल्या पाटीवरचं एकेक अक्षर वाचवण्याचा आग्रह मला जास्तच धरावासा वाटतो. तिथल्या गावकऱ्यांनी नावं कोरून ठेवली आहेत, ती आपल्या हयातीत पुसली जाऊ नयेत.

वरचा सैनिक बहुधा पाथरवटाने स्वतः घडवलेला नसेल. पुष्कळ पुतळे इटलीतल्या करारा भागातल्या कार्यशाळांत फोटोवरून कोरून बोटीने आले, आणि चौथरा, पाट्या, उभारणी स्थानिक माणसाची. पायाशी झाडाचा बुंधा असेल तर तो शोभेचा नाही. संगमरवर घोट्याशी कमजोर पडतो, वरचा सगळा भार तो बुंधा घेतो. हॅटची कड, बंदुकीची नळी आणि बोटं या तीन जागा पहिल्यांदा तुटतात, तर दुर्बिणीने त्या बघा आणि फोटो काढून ठेवा. पुतळा आत खिळीने बसवलेला असतो आणि ती खीळ लोखंडी असेल तर गंजून कित्येक पट फुगते आणि दगड फोडते. घोट्याजवळ किंवा तळाच्या शिळेवर तांबूस डाग आणि केसासारखी उभी भेग अशी दोन्ही एकत्र दिसली तर साफसफाई बाजूला ठेवून आधी अभियंता बोलवा. गंजलेली खीळ काढून ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची किंवा ब्राँझची घालावी लागते. हे काम समितीने श्रमदानातून करायचं नाही.

ग्रॅनाइटची काळजी कमी. हारकोर्टचा दगड माउंट अलेक्झांडर या डोंगराचा, अत्यंत टिकाऊ. मेलबर्नच्या दफनभूमीतलं बर्क आणि विल्स या शोधप्रवाशांचं स्मारक त्याचंच आहे. पण त्यात काळा अभ्रक असतो आणि त्या अभ्रकात लोह. वर अ‍ॅसिड मारलं की ते लोह सुटून पिवळे-तपकिरी डाग उमटतात, ते पुन्हा निघत नाहीत. म्हणजे कोटेशनमधलं अ‍ॅसिड संगमरवर विरघळवेल आणि ग्रॅनाइट डागाळेल.

खरं तर खेड्यातल्या स्मारकांना सगळ्यात जास्त त्रास आकाशातल्या पाण्याने होत नाही, हिरवळीला घातलेल्या पाण्याने होतो. तुमच्या स्मारकाभोवती लॉन असणार आणि लॉनला स्प्रिंकलर. पाणी बोअरचं असेल तर त्यात क्षार आणि लोह दोन्ही. रोज तळाच्या दगडावर फवारा बसतो, पाणी सुकतं, क्षार आत राहून स्फटिक होतात आणि पृष्ठभाग आतून ढकलतात. त्यातच कुणीतरी चांगल्या भावनेने चौथऱ्याभोवती काँक्रीटची पट्टी ओतलेली असते. मग जमिनीतला ओलावा बाजूने निघू शकत नाही आणि दगडातून वर चढतो. वाळूच्या दगडाचं स्मारक यामुळे गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत झडलेलं मी पुष्कळदा पाहतो. म्हणून तुमच्या समितीचं पहिलं काम फुकटातलं आहे. स्प्रिंकलरची तोंडं वळवा, चौथऱ्यालगतचं खत बंद करा, गवत कापायचं यंत्र दगडाला घासू नये म्हणून भोवती खडीचा पट्टा ठेवा. पुष्पचक्रांच्या लोखंडी चौकटी स्मरणसोहळ्यानंतर दगडावर टेकवून आठवडाभर ठेवू नका, त्यांचा गंज संगमरवरात झिरपतो.

साफसफाई यानंतर, आणि तीही कमीत कमी. साधं नळाचं स्वच्छ पाणी, मऊ ब्रश, गरज पडलीच तर सौम्य, नॉन-आयॉनिक साबण. खालून वर घासत जायचं आणि वरून धुवायचं. तारेचा ब्रश अजिबात नाही, त्याचे कण दगडात अडकून गंजतात. ब्लीच नाही, त्याने क्षार मागे राहतात. हिरवं-काळं शेवाळ असेल तर दगडांसाठी बनवलेलं क्वाटर्नरी अमोनियमचं औषध पातळ करून लावायचं आणि सोडून द्यायचं, पुढचे काही महिने पाऊस उरलेलं काम करतो. ज्या ठिकाणी शिशाच्या कडा सुटल्या आहेत तिथे ब्रशही लावू नका. पाटी नव्यासारखी होणार नाही आणि व्हायला नकोच. उद्देश नाव वाचता येण्याचा आहे, दगड पांढरा दिसण्याचा नाही. १९७९ साली साऊथ ऑस्ट्रेलियातल्या बुरा गावी ठरलेली बुरा सनद इथल्या वारसा-संवर्धनाचा पाया आहे. तिचं सूत्रही हेच आहे, आवश्यक तेवढं करा आणि बदल शक्य तितका कमी ठेवा.

राहिलेल्या नावांची मागणी येईल. कुणाचे पणजोबा शेजारच्या गावातून भरती झाले म्हणून इथे नाहीत, कुणाच्या घरच्यांनी तेव्हा नाव देऊ दिलं नाही, आणि आदिवासी सैनिकांपैकी काहींची नावं त्यांच्याच गावाने घेतली नाहीत. मागणी रास्त असेल तर ती मान्य करा, पण जुन्या पाटीवर नवं अक्षर कोरू नका. स्वतंत्र, बुटका दगड शेजारी बसवा आणि त्यावर ज्या वर्षी कोरलं ते वर्षही घाला. नाव घालण्याआधी राष्ट्रीय अभिलेखागारातली त्या माणसाची सेवा-नोंद काढून बघा, ती ऑनलाइन आहे.

परवानगी आणि पैसा याबद्दल थोडक्यात. स्मारक कोणाच्या मालकीचं हे शायरकडे, म्हणजे स्थानिक परिषदेकडे, विचारा, ते हेरिटेज ओव्हरलेमध्ये, म्हणजे वारसा म्हणून संरक्षित ठिकाणांत, असेल तर दुरुस्तीला परवाना लागू शकतो. आरएसएल या माजी सैनिकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखेला पहिल्या बैठकीपासून बरोबर घ्या. व्हिक्टोरिया सरकारची सामुदायिक युद्धस्मारकं आणि अ‍ॅव्हेन्यू ऑफ ऑनर, म्हणजे सैनिकांच्या स्मरणार्थ रस्त्याकडेला लावलेल्या झाडांच्या रांगा, यांच्या दुरुस्तीसाठी अनुदान योजना आहे, केंद्राची 'सॅल्यूटिंग देअर सर्व्हिस' आहे. अर्ज करताना दगडाची स्थिती सांगणारा अहवाल लागू शकतो, आणि त्या अहवालावरचा खर्च वाया जात नाही, कारण कोटेशन मागवतानाही तोच कागद पुढे ठेवता येतो.

समितीत कुणी एप्रिलच्या आत उरका म्हणेल. ऐकू नका. शिशाच्या पाटीचं काम घाईने केलं तर तेही रंगवण्यातच संपतं. त्यापेक्षा या आठवड्यात एक करा. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन जा, उजेड पाटीच्या एका बाजूने, दगडाला जवळजवळ चिकटून पडू द्या, आणि प्रत्येक पाटीचे डावीकडून, उजवीकडून आणि वरून असे फोटो काढा. दिवसा सपाट दिसणाऱ्या दगडावर खाचा आणि भोकं स्पष्ट उठून येतात. ते फोटो आणि दफनभूमीतल्या सहीच्या थडग्यांचे फोटो इथे टाकलेत तर कोणती अक्षरं परत बसवता येतील ते मी एकेक करून सांगेन.